पाचशेची टकटक

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. पेनाचं टोपण कॉटखाली गेलं होतं, तेवढ्यात उरकून घेतला.)

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे तुझं ब्लडप्रेशर काय वर जायचं ते एकदाच जाईल आणि बाकीचं पत्र तू वरूनच वाचशील. मी तुझ्या दोन्ही भावांना एकत्र कालवलंय. म्हणजे प्रत्यक्ष त्यांना नाही, ते अजून मोजून दोन आहेत आणि डोकी जागच्या जागी आहेत (तापलेली, पण जागेवर). त्यांच्या फोटोंना. आपल्या स्टुडिओतले तीस वर्षांचे सगळे फोटो, बाबांनी काढलेले आणि काकाने घासूनपुसून सुंदर केलेले, मी पट्ट्या पट्ट्या करून चार डिस्कांमध्ये वाटून टाकले. करायला नको होतं. हे वाक्य मी महिन्याभरात इतक्यांदा म्हटलंय की आता झोपेतही म्हणतो असं आई सांगते. पत्र एवढ्यासाठी की हे फोनवर बोलता येत नाही. आपल्या घरात फोन म्हणजे लाउडस्पीकर. एकाने कानाला लावला की चार जण श्वास रोखून धरतात.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतानाच वाजतो, की आता उतरतानाही? आईने विणलेला स्वेटर पोचला असेल. एक बाही लांब आहे त्याला तुझा हात जबाबदार नाही, त्या बाहीच्या दिवशी घरात भांडण चालू होतं आणि आईचं टाके मोजण्याकडे लक्ष नव्हतं. त्याच पार्सलात बिस्किटांचा एक चौकोनी डबा आहे, चिकटपट्टीने गुंडाळलेला. तो उघडू नकोस. का ते शेवटी सांगतो. तुझं ते चावीचं गजराचं घड्याळ, काचेवर ओरखडा असलेलं, मागच्या वेळी इथे विसरलीस ते, अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे. माझी सायकल पंक्चर आहे म्हणून हल्ली चालतो, तब्येतीला बरं असतं म्हणे. घरात बाकी सगळे ठणठणीत, फक्त पाचशेला बरं नाही. पाचशे कोण ते पुढे येईलच.

भांडणाच्या दोन बाजू तुला दोघांनी फोनवर ऐकवल्याच आहेत. तिसरी बाजू, म्हणजे दाराआडून ऐकणाऱ्याची, ती अशी. शाळेतून रिटायर झालेल्या हेडबाई (त्याच, ज्यांनी मला एकाच वर्गात दोनदा बसवलं) आपला फोटो काढून घ्यायला आल्या. बाबांनी काढला. गाव बाबांना 'हसा' म्हणून ओळखतं, पण हेडबाईंना 'हसा' म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, त्यामुळे फोटो फारच खरा आला. नाकाच्या डाव्या बाजूला चामखीळ, तीसुद्धा ऐटीत बसलेली. मग फोटो आतल्या खोलीत काकाकडे गेला. काकाला गाव 'रबर' म्हणतं ते काही उगीच नाही. त्याने चामखीळ पुसली. हेडबाई तो फोटो बघून हसल्या (साक्षीदार आहेत) आणि बारा प्रती सांगून गेल्या. झालं! बाबा म्हणाले, ही त्या बाईच नाहीत, ही त्यांची कुणीतरी धाकटी बहीण आहे, हिच्यामागे मी माझ्या स्टुडिओचा शिक्का मारणार नाही. काका म्हणाला, स्टुडिओ 'माझा' कधीपासून झाला? आत्या, तीस वर्षांत त्या दुकानात 'माझा' हा शब्द कुणी काढला नव्हता. त्या दिवशी दोघांनी मिळून नऊ वेळा काढला. मी मोजले.

तेव्हापासून चार महिने अबोला. तूही तिकडून फर्मान काढलंस की दोघं एका खोलीत बसून चहा पितील तेव्हाच मी येईन, तोवर कुणी बोलवू नका. (धमकी दोघांनी फार मनाला लावून घेतली, फक्त ती दुसऱ्यासाठी आहे असं दोघांनाही वाटलं.) दुकानाच्या मधोमध पडदा लागला. आणि मधला पोस्टमन मी. बाबा सांगायचे, 'त्याला सांग, कॅमेऱ्याचं कव्हर जागेवर ठेवत जा, तुझ्या बापाचं नाही ते.' मी म्हणायचो, बाबा, बापाचंच आहे ते, तुमच्या दोघांच्या. मग माझ्या कानाखाली एक, निरोपाची पोच म्हणून. आता निरोप नेताना थोडं मीठमसाला लावायची माझी सवय तुला ठाऊक आहे. एकदा मी काकाला जाऊन सांगितलं की बाबा म्हणतात, तुझ्या हातात जादू आहे. काकाने माझ्याकडे इतक्या संशयाने बघितलं, 'हे दादा म्हणाला? आपला दादा?' की मी घाबरून निरोप बदलला, म्हटलं नाही नाही, ते म्हणाले दुसऱ्याची चामखीळ चोरणारा हात आहे. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

आता डिस्कांकडे येतो. डिस्क म्हणजे कॉम्प्युटरातली पेटी समज, कपड्यांऐवजी फोटो ठेवायची. स्टुडिओच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर एकच, सकाळी बाबांचा, दुपारी काकाचा, आणि त्याच्या पोटात अशा चार पेट्या. बाबांच्या दोन, एक पाचशेची आणि एक दोन हजाराची. काकाच्या दोन, एक हजाराची आणि एक चार हजाराची. (आकडे किमतीचे नाहीत, किती माल मावतो त्याचे आहेत.) प्रत्येकीवर मार्करने 'थोरला' नाहीतर 'धाकटा' लिहिलेलं. ही पाचशे त्यात सगळ्यात म्हातारी, अकरा वर्षांची. काका सारखा म्हणायचा, दादा, फेकून दे ती. आणि बाबा म्हणायचे, तुला का खुपते, तुझ्या डोक्यावर ठेवलीय का?

मला यात पडायचं काही कारण नव्हतं. मला फक्त गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळायचा होता आणि तो त्या कॉम्प्युटरवर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की गाडी सुटेपर्यंत माझीच गाडी झोपायची. एका व्हिडिओत एक टकला माणूस सांगत होता, चार डिस्का एकत्र जुंपा, वेग चौपट होईल. शेवटी तो 'पण एक लक्षात ठेवा' असं म्हणून आणखी काहीतरी सांगत होता, पण तोवर मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो होतो.

जुंपायचं म्हणजे कसं, सांगतो. एरवी एक फोटो एका पेटीत राहतो. जुंपल्यावर मशीन प्रत्येक फोटो कापून त्याच्या पट्ट्या करतं. पहिली पट्टी पहिल्या पेटीत, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या, चौथी चौथ्या, आणि पाचवी पुन्हा पहिल्या. पत्ते वाटतात ना, तसं. फोटो उघडला की चारही पेट्या एकदम आपापल्या पट्ट्या पुढे करतात आणि फोटो जुळतो. चौघांनी मिळून पलंग उचलला की जिना पटकन चढतो, तसा सगळा हिशेब.

हिशेब चुकला तो असा, की माझ्या पलंगाच्या एका पायाला पाचशे होती. बाकीचे तिघं पैलवान असले तरी एका कोपऱ्याला आजोबा असले की पलंग आजोबांच्याच चालीने वर जातो. शिवाय मशीनचा नियम असा की चौघांनी सारखंच वजन घ्यायचं. पाचशेला पाचशेच झेपतं, म्हणून काकाच्या त्या धिप्पाड चार हजाराच्या पेटीतही पाचशेच ठेवायचं, उरलेली साडेतीन हजारांची जागा हात बांधून बसणार. साडेसात हजारांच्या पेट्या, त्यातून वापरायला मिळाले दोन हजार. फोटो सगळे मिळून दीड हजारात बसले म्हणून माझी अब्रू वाचली.

हे सगळं मी आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी उरकलं. पेट्या जुंपताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी सगळे फोटो एका मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यावे लागले. ती मी स्क्रूवाल्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणली. (स्क्रूवाला म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याच्या तोंडात कायम दोन स्क्रू धरलेले असतात, त्यामुळे तो कमी बोलतो आणि गावात हुशार गणला जातो.) उतरवायला तासन् तास लागतात, म्हणून आदल्या दिवशीच काम लावलं आणि कॉम्प्युटरला व्हायरस झालाय, हात लावू नका, असं दोघांना वेगवेगळं सांगितलं. दोघांनीही एकच विचारलं, 'त्याने आणला ना?' मी दोघांनाही हो म्हटलं. कशाला कुणाला नाराज करा?

फोटो परत चढवले, फोल्डर तीच, नावं तीच. बाबा सकाळी बसले, काका दुपारी बसला, कुणाला काही कळलं नाही. आणि मी खेळ लावला, तर गाडी सुटायला बरोबर पूर्वीइतकाच वेळ! मग गपचूप तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. टकला सांगत होता, 'पण एक लक्षात ठेवा, चारातली एक जरी गेली तर चारही गेल्या.' म्हणजे तीन पेट्यांतल्या पट्ट्या जिवंत असल्या तरी चौथीच्या पट्ट्यांवाचून एकही फोटो धड उघडायचा नाही. ठरवलं, पुढच्या सुट्टीला हे मोडून पूर्वीसारखं करून टाकायचं.

पुढच्या सुट्टीच्या आधी वाटणी आली. रस्त्याच्या पलीकडे ते छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं ना, ते काकाने घेतलं. वाटणीला मध्यस्थ कोण, तर हेडबाई! दोघंही त्यांचेच विद्यार्थी, दोघंही त्यांना घाबरतात, आणि दोघांनाही वाटलं की त्या आपल्या बाजूच्या आहेत. वही घेऊन आल्या. कॅमेरे थोरल्याला, प्रिंटर धाकट्याला. दिवे निम्मे निम्मे. मागचा ढगांचा रंगवलेला पडदा एकाने घ्यायचा, दुसऱ्याने नवा रंगवून घ्यायचा. ते फिरतं स्टूल, ज्यावर सगळं गाव कधी ना कधी हनुवटी वर करून बसलंय, त्यावर अडीच तास गेले. (शेवटी हेडबाई स्वतःच त्याच्यावर बसल्या म्हणून तो विषय थांबला.) डिस्का त्यांना सगळ्यात सोप्या वाटल्या. चष्मा वर करून त्यांनी लिहिलं, 'ज्याच्या त्याला.'

तिथेच तोंड उघडायला हवं होतं, पण हेडबाई समोर असल्या की उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, ही माझी शाळेपासूनची सवय. आणि खरं सांगू? मला फोटोंपेक्षा दुसरंच दिसत होतं. एका फुटपाथवर 'हसा', दुसऱ्या फुटपाथवर 'रबर', तू कायमची तिकडे, आणि मधल्या रस्त्यात निरोप घेऊन म्हातारा झालेला मी.

काकाने त्याच सकाळी आपल्या दोन डिस्का खोलून टॉवेलात गुंडाळल्या आणि निघाला. दारात जरा थांबला. बाबा त्या वेळी छताला लागलेली जळमटं बघत होते. काका गेल्यावर बाबांनी कॉम्प्युटर लावला. फोटो नाहीत. एक नाही. बाबा पांढरेफटक पडले, म्हणाले, 'जाताना पुसून गेला.' मी खिडकीतून पलीकडे बघितलं, काकाने त्याच्या डिस्का नव्या मशीनला जोडल्या होत्या आणि पडद्यावर चौकोन आला होता. तो चौकोन मला ओळखीचा होता. मशीन विचारत असतं, ही डिस्क मला कोरी दिसतेय, पुसून तयार करू का? आणि काकाचं बोट 'हो' वर!

आत्या, मी एवढा कधी धावलो नाही. एक चप्पल आपल्या पायरीवर, दुसरी रस्त्यात, एका स्कूटरवाल्याने माझ्या आईची चौकशी केली, आणि मी काकाच्या दुकानात घुसून वायर भिंतीतून उपटली. वायरबरोबर प्लगाचं खोकंही आलं. थोडं प्लास्टरही. काकाने एका हातात टॉवेल घेतला, दुसऱ्या हातात माझा कान, आणि तीच वरात रस्ता ओलांडून बाबांसमोर. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच पडद्याच्या बाबांकडच्या बाजूला उभा राहिला, आणि तेही माझ्या कानाच्या आधाराने.

'दादाला विचार, माझ्या डिस्कांना काय केलं त्याने!'

'त्याला विचार, माझ्या का पुसल्या!'

दोघंही हे मलाच विचारत होते आणि माझा एक कान कामात होता. शेवटी हेडबाईंनी वही आपटली. म्हणाल्या, 'हा तिसरा पांढरा पडलाय, याला विचारा.' मग मी सगळं सांगितलं. पट्ट्या म्हटलं, पत्ते म्हटलं, पलंग म्हटलं. कुणाच्या डोक्यात काही शिरेना. म्हणून मी टेबलावरची कात्री घेतली, हाताशी आला तो फोटो घेतला आणि उभ्या पट्ट्या कापत सुटलो. चार कापल्यावर लक्षात आलं की फोटो हेडबाईंचा आहे. बाबांनी काढलेला, मूळचा, चामखिळीसकट. तोवर एक कान आणि अर्धा चष्मा गेलेला होता. हेडबाई म्हणाल्या, 'थांबलास का? एक तरी काम पुरं कर.'

मग मी वाटप केलं. एक पट्टी बाबांना, एक काकाला, एक बाबांना, एक काकाला. म्हटलं, हे बघा. आता बाबा, तुमच्या हातात बाईंचे निम्मे ओठ आहेत. काका, तुझ्या हातात उरलेले. तुम्ही तुमचे घेऊन इकडे बसा, तू तुझे घेऊन पलीकडे जा. तीस वर्षांत या दुकानात हसलेला प्रत्येक माणूस आता असा आहे. बाबा आपल्या पिवळ्या फडक्याने चष्मा पुसत राहिले, लेन्स पुसायच्या त्याच फडक्याने. काका हातातल्या पट्ट्या बघत होता. चामखिळीची पट्टी त्याच्याकडे आली होती. त्याने ती वेगळी काढली, बराच वेळ धरून ठेवली आणि बाबांच्या पुढे केली.

'घे. ही तुझी आहे.'

मला नाही सांगितलं, आत्या. मधे पोस्टमन नाही. सरळ.

बाबांनी घेतली. म्हणाले, 'चिकटव मग. तुझा हात हलका आहे.' (मी चार महिन्यांपूर्वी हाच निरोप दिला होता तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता, हे नोंदवून ठेव.) काकाने तिथेच डिंक घेतला, बाबांनी पट्ट्या क्रमाने धरल्या आणि हेडबाई पुन्हा अखंड झाल्या. त्या आपल्या फोटोकडे बघून म्हणाल्या, 'बारा प्रती पाठवल्या सगळ्यांना. एकालाही मी ओळखू आले नाही. हाच बरा आहे, मुलं यालाच घाबरायची.' आणि वहीतलं 'ज्याच्या त्याला' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'एकत्रच ठेवणे.'

डिस्का परत पोटात गेल्या, फोटो दिसायला लागले. स्क्रूवाल्याला बोलावलं. त्याने सगळं ऐकून तोंडातले स्क्रू काढले (म्हणजे प्रकरण गंभीर) आणि सांगितलं, यात काय अवघड आहे, नवी मोठी डिस्क आणा, सगळं तिच्यावर उतरवा, दोन कॉप्या करा, एकेक घ्या आणि व्हा वेगळे. एक-दोन दिवसांचं काम. यावर खरं म्हणजे दोघांनी सुटलो म्हणायला हवं होतं. पण काका म्हणाला, 'दादाची पाचशे म्हातारी आहे. एवढं सगळं एका दमात ओढायला लावलं आणि मधेच बसली म्हणजे?' आणि बाबा म्हणाले, 'तेच म्हणतो मी.' तीस वर्षांत हे वाक्यही पहिल्यांदाच.

आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरच्या पोटातून टकटक यायला लागली.

हळू, पण कान दिला की स्पष्ट. टक, टक, टक. डिस्क जायला टेकली की अशीच वाजते, बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. काकाने स्क्रूवाल्याला फोन लावला. टकटक करतेय म्हणे, कॉपी काढू का? तो म्हणाला, काढताना जाऊ शकते. नाही काढली तर? तशीही जाऊ शकते. मग करायचं काय? म्हणाला, जीव लावा.

तर सध्या दोघं जीव लावतायत. काकाने कॉम्प्युटर उघडून आत एक छोटा पंखा बसवला. बाबांनी खाली स्वेटरच्या उरलेल्या लोकरीची गादी केली. दारावर 'दार हळू लावा' अशी पाटी आहे, काकाच्या अक्षरात, बाबांच्या शब्दांत. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला आधी विचारतात, सर्दी नाही ना? शिंकायचं असेल तर बाहेर. सकाळी आल्या आल्या काका विचारतो, 'कशी आहे?' बाबा म्हणतात, 'आहे टकटक, पण एकसारखी आहे.' काका म्हणतो, 'एकसारखी चांगली.' जिला फेकून दे म्हणायचा, तिच्यासाठी आता तो स्वतःचा पंखा बंद करून बसतो. आणि तिला एकटं सोडायला नको म्हणून दोघंही आतल्या खोलीतच बसतात. मधला पडदा धुवायला काढलाय, तो अजून वाळतोय. तीन आठवडे झाले. समोरच्या दुकानाला कुलूप आहे, काका म्हणतो किल्ली हरवली. किल्ली त्याच्या खिशात वाजते.

आणि चहा, आत्या, दोघं तिथेच पितात. एका खोलीत, समोरासमोर, मधे पाचशे. तुझी अट पुरी झाली. तेव्हा गुडघ्याला समजाव आणि निघ.

तुझा,
एकाच वर्गात दोनदा बसलेला भाचा

ता. क. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नाहीत. स्क्रूवाल्याची ती मोठी डिस्क आहे. वाटणीचं कानावर आलं तेव्हा मी ती परत केलीच नाही, तिच्या बदल्यात सायकल देऊन टाकली. (सायकल पंक्चर नाही. त्याचा मेव्हणा रोज आपल्या दुकानावरून घंटी वाजवत जातो.) तीस वर्षांचे सगळे फोटो तिच्यात धडधाकट आहेत. स्क्रूवाला पहिल्या दिवशी 'कॉप्या करा' बोलून गेला, मग मी त्याला सायकलची आठवण दिली, म्हणून फोनवर 'जीव लावा' म्हणाला. त्याला सायकल ठेवायची आहे. तू फक्त डबा कपाटात कोरड्या जागी ठेव. दर महिन्याला नव्या फोटोंचा एक लहान डबा येईल. रिकामे डबे परत पाठवशील तेव्हा त्यात खरी बिस्किटं घातलीस तर बरं दिसेल.

आणखी ता. क. तेव्हा मी जो धावलो तो फोटो वाचवायला नाही. फोटो तेव्हा माझ्या गादीखाली होते. काकाने 'हो' दाबलं असतं तर मला डबा बाहेर काढावा लागला असता, आणि डबा बाहेर आला असता तर दोघांना दोन कॉप्या मिळाल्या असत्या. पुढचं तुला कळतं.

आणखी एक ता. क. तुझं घड्याळ सापडलं. म्हणजे हरवलं नव्हतंच. ते कॉम्प्युटरच्या पेटीत आहे, खालच्या कोपऱ्यात, तारांच्या मागे. पाचशे एकदम ठणठणीत आहे, तिने आयुष्यात कधी टकटक केलेली नाही. मी रोज सकाळी झाडून काढायच्या निमित्ताने आत हात घालून चावी देतो.

शेवटचं. मागच्या आठवड्यात मला ताप आला, चार दिवस अंथरुणात होतो. तुझं घड्याळ एका चावीत दीड दिवस चालतं. मला वाटलं, आता टकटक बंद पडली असेल आणि दोघांनी नवी डिस्क आणली असेल. उठलो तो तसाच दुकानात गेलो. टक, टक, टक. दोघं जेवायला गेल्यावर पेटी उघडून बघितली. चावी पुरी दिलेली होती. घड्याळाखाली बाबांचं पिवळं फडकं घडी करून ठेवलं होतं. आणि काचेवरचा तो ओरखडा, आत्या, नाहीसा झाला होता. असा ओरखडा गावात एकच माणूस घालवू शकतो.

म्हणजे बाबांना माहीत आहे. काकालाही माहीत आहे. आणि दुसऱ्याला माहीत आहे, हे दोघांनाही माहीत नाही, निदान तसं दाखवतात तरी. आज सकाळीच काकाने विचारलं, 'कशी आहे?' आणि बाबांनी तोंड अगदी लहान करून सांगितलं, 'नाजूकच आहे रे.'

तर आत्या, पाया पडतो, कान पकडतो (एकच, दुसरा अजून दुखतो), आलीस तरी कुणाला काही सांगू नकोस. बाबांना नको, काकाला नको, हेडबाईंना तर बिलकुल नको. घड्याळ परत मागू नकोस. पेटीपाशी गेलीस की फक्त तोंड बारीक कर आणि विचार, आता बरं आहे का तिला?